दिवा काढलेला लॉगर

नागपूर, मंगळवार, संध्याकाळ

चिमट्याने जोरात ओढल्यावर तो लाल दिवा निघून आला. शीतगृहातल्या लॉगरचा. दर दहा मिनिटांनी एकदा तापमान नोंदवायचं आणि मधल्या वेळात झोपायचं, एवढंच त्याचं काम. पण चालू आहे हे दाखवायला दिवा सतत जळतो आणि चौथ्या दिवशी सेल संपतो.

ज्या रात्री आत ठेवलेली संत्री खराब झाली, त्या रात्रीची नोंद नाही; सेल संपलेला होता. शेठ म्हणतात, शीतगृहात कामाला असलेल्या शांताबाईने दार उघडं ठेवलं. ती म्हणते, थंडाव्याचं मशीन बंद पडलं. आज कुलूप मी लावलं, किल्ली माझ्याजवळ आहे. दार बंद असताना तापमान चढलं, तर दोष मशीनचा. तिला ठेवायचं की नाही, हे शेठ उद्या ठरवणार.

लॉगर आत टांगताना ती म्हणाली, "ताई, आता हे जागं आहे का झोपलं, मले कसं समजन वं?"

"नाही समजणार."

"मंग तो दिवा माह्या डोक्शावर लावून द्या. शेठले दिसन तरी, मी जागी आहो म्हणून."

मी हसले. हसू आलं नव्हतं.

सेल बदलणं माझं काम होतं. त्या दिवशी विसरले. शेठना का सांगत नाही? भीती नाही, लाजही नाही. काहीच वाटत नाही. दिवा इथे टेबलावर पडला आहे.

बुधवार

रात्रभराची नोंद मिळाली. पहाटे दोन तास तापमान चढत गेलं होतं. शेठनी कागद पाहिला, बाजूला ठेवला. शांताबाईच्या जागी सकाळी सातलाच दुसरी बाई आली होती. सेलबद्दल मी बोलले नाही.