शून्य फेऱ्यांची माणसं

३ मार्च

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुमच्या टेकडीवरच्या वसाहतीपर्यंत ट्राम वाढवायची की नाही, हा अहवाल माझ्याच टेबलावर आहे, हे तू जाणतेसच. म्हणून हे पत्र लिहिताना हात जड झालाय. तीन नवे थांबे आणि एक पूल. शंभर खर्चले तर ऐंशीच परत येतात. उलटसुलट करून पाहिलं, आकडा हलत नाही. वीस तारखेला मंडळापुढे 'नको' अशीच शिफारस जाणार.

बसची उंच पायरी गुडघ्यांना झेपेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी तुला पुस्तकबांधणीचं काम सोडावं लागलं. ट्राम आली की परत जाणार, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. वाईट वाटतंय गं. रागाव, पण पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझी
खारू


७ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

रडकं पत्र पोचलं. तुझे काका म्हणाले, पोरीने आकडे तपासलेत, आता गप्प बस. मी गप्प बसल्याचं तू कधी पाहिलंयस का?

एक सांग. थंडीत तुमच्या ऑफिसची मुलगी फॉर्म घेऊन आली होती. काल किती फेऱ्या केल्या, म्हणाली. म्हटलं, एकही नाही. गेल्या आठवड्यात? तेव्हाही नाही. तिने फॉर्मवर तिरकी रेघ मारली नि पिशवीच्या तळाशी घातला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमननीही शून्यच सांगितलं. समोरच्या शिंपिणीनेही, तिला जुळ्यांची बाबागाडी बसमध्ये चढवता येत नाही. त्या रेघा मारलेल्या फॉर्मांचं पुढे काय झालं? आम्ही काही हौस म्हणून घरात बसत नाही. तुम्ही आम्हाला मोजलंत तरी कुठे?

जेवणाच्या वेळा सांभाळ. माया आहे तेवढीच आहे, राग मात्र वाढलाय.

तुझी
मावशी


२१ मार्च

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

जिंकलो! आधी हे लिहून मोकळी होते.

तुझं पत्र वाचून तशीच उठले नि तळमजल्यावरच्या कपाटातून गठ्ठे काढले. वसाहतीचे अकराशे फॉर्म, त्यातले चारशे बारा बाद. फेरी नाही म्हणजे फॉर्म अपूर्ण, असा नियम होता. तो कुणी केला, तर मी. लाजेने कान तापले. साहेबांना सांगितलं, तेव्हा ते इतके भडकले की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. पण ओरडून झाल्यावर मदतीला दोन माणसं त्यांनीच दिली.

बाद झालेल्या प्रत्येक दारी जाऊन एकच विचारलं, फलाटावरून सरळ आत पाऊल टाकता आलं तर कुठे जाल. पोस्टमन म्हणाले, पोहायला. कुणी शिकायला, कुणी कामावर. (तुझ्याकडे मुद्दाम दुसऱ्याला पाठवलं, नाहीतर वशिला म्हणाले असते. खिडकीतून वाकुल्या दाखवल्यास त्या दिसल्या.) निम्मी उत्तरं भाबडी म्हणून मीच खोडली, तरी शंभराला एकशे एकोणीस आले. चूक माझी होती, हे मंडळापुढे आधीच सांगून टाकलं. सात विरुद्ध दोन! चूक पकडली कुणी, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. म्हटलं, तिथल्याच एका बांधणीवालीने.

आता तरी राग उतरव आणि माया वाढव.

तुझी
खारू


१४ सप्टेंबर, साडेतीन वर्षांनी

चि. खारूस,
पोटभर आशीर्वाद.

काल पहिल्या ट्रामने कामावर गेले. काठी काखेत मारून आत शिरले! पोस्टमन गळ्यात टॉवेल घालून असे ऐटीत बसले होते, जशी काही गाडी त्यांच्याच मालकीची. मालकांनी स्वागतबिगत काही न करता दोन उसवलेले शब्दकोश पुढ्यात टाकले नि संध्याकाळपर्यंत हवेत म्हणाले. मला तेच हवं होतं. सुई-दोरा घेतला, तर बोटांना सगळं आठवत होतं.

दुसऱ्या कोशाचा कणा मनासारखा बसेना, म्हणून रेंगाळले. घरी पोचले तर तुझे काका दारात उभे, कपाळाला आठ्या. उशीर का झाला, म्हणून खेकसलेच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! साडेपाच वर्षांत मला उशीर व्हायला काही कारणच नव्हतं गं! चपला न काढताच हसत सुटले. हसू आवरल्यावर त्यांना सांगितलं, उद्याही होईल.

तुझी
कामावरची मावशी