हाल्वर सरांच्या मर्जीतले दहा दिवस

११ मार्च, बुधवार

बोलावलं! हाल्वर सरांनी स्वतःच्या तोंडाने बोलावलं! ईस्टरची सुट्टी, दहा दिवस, त्यांच्या डोंगरातल्या झोपडीवर. "मी आणि राग्नहिल, दोघंच असतो. यायचं तर ये," एवढं म्हणाले (राग्नहिल म्हणजे त्यांची बायको) आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले, जसं काही माझ्यासमोर कपडे बदलत होते.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. डॉक्टरेटची जागा एक. तीन वर्षं, पगारी. अर्जाची मुदत एकतीस मार्च. निवड समितीत तिघं, त्यातल्या दोघांना बर्फातलं एवढंच कळतं की तो पांढरा असतो. म्हणजे हाल्वर सर म्हणतील ती पूर्व. जागा मिळाली तर मी नॉर्वेत. नाही मिळाली तर ऑगस्टमध्ये व्हिसा संपला की बॅग उचलून सोलापूर! डोंगरावरून हिमकडे कसे कोसळतात हे शिकलेल्या माणसाला सोलापुरात काय काम? रसवंतीवर बर्फ फोडायचं.

आणि नेमकं आत्ताच झोपडीचं बोलावणं! ही मुलाखतच आहे. तीन वर्षं काढलीत इथे, एवढं कळतं मला.

१२ मार्च

सुनिवाला सांगितलं. मुद्दामच. आमच्याच प्रयोगशाळेतली, सरांचीच विद्यार्थिनी, त्याच जागेसाठी अर्ज करणारी. चालायच्या आधी स्की करायला शिकलेली बाई. तिचं तोंड बघायचं होतं.

"झोपडीवर? हाल्वरने? तुला?" कॉफीचा मग खालीच ठेवला तिने. (सुनिवा सरांना अरे-तुरे करते. सगळेच करतात. माझ्या तोंडून तीन वर्षांत 'सर'शिवाय काही निघालेलं नाही. लहानपणी छडी खाल्लेली जीभ आहे ही.)

"हो. दहा दिवस."

"सिद, आत्ता नको जाऊस. निकाल लागू दे, मग जा. उन्हाळ्यात जा, मासे पकडा मस्तपैकी."

"का बरं?"

"अरे, लेक-जावई सोडले तर तो झोपडीवर कुणाला नेत नाही. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही."

जळाली! धूर दिसत होता नुसता. वर चेहरा काय काळजीचा! ह्या लोकांची असूयासुद्धा कशी लोकरी मोजे घालून येते.

२० मार्च

अप्पांना फोन केला. अप्पा एकतीस वर्षं महापालिकेत चावीवाले होते, गल्लोगल्ली पाणी सोडायचे. साहेब नावाच्या प्राण्याचा त्यांच्याएवढा अभ्यास कुणाचा नसेल. सूचना लिहून घेतल्या:

"सायेब उठायच्या आधी उठायचं. सायबाच्या बायकोला मॅडम म्हणायचं. काम दिसलं की हातातनं काढून घ्यायचं. खेळात सायबाला कधी हरवायचं नाही. आणि सिद्राम, दुसऱ्यांदा वाढून मागू नको बाबा, तुझी भूक बघून घाबरतील ती माणसं."

भेट म्हणून सोलापुरी चादर आहे, डबल, मोरांची. शेंगाचटणीही आहे. पुण्याच्या एका पोराच्या सामानातून आली. चादरीला चटणीचा वास लागलाय. असू दे.

२६ मार्च

अर्ज टाकला. आता झोपडी!

२८ मार्च, शनिवार

जिवंत आहे.

गाडी खालीच ठेवायची. पुढे चार किलोमीटर स्कीवर, मागे सामानाची घसरगाडी ओढत. मी अकरा वेळा पडलो. सरांनी मोजलं नाही, राग्नहिल मॅडमनी मोजलं. "अकरा! पहिल्याच दिवशी! आमचा जावई चौदा पडला होता!" ही स्तुती होती म्हणे.

आणि झोपडी! वीज नाही. नळ नाही. पाणी हवं तर बादलीभर बर्फ आणायचा आणि चुलीवर वितळवायचा. संडास साठ पावलं लांब, एक लाकडी खोकं. आत थर्माकोलची बैठक, भिंतीवर राजघराण्याचा फोटो. राजाच्या नजरेला नजर देऊन बसायचं!

ह्यांच्या शहरातल्या घरात तीन बाथरूम आहेत. फरशा गरम होतात. ते सगळं सोडून ही दोघं वर्षातले दोन महिने इथे हौसेने बादल्या वाहतात! अप्पांनी घरात संडास बांधायला निम्म्या नोकरीचा पगार घातला. आमच्याकडे पाचव्या दिवशी नळ येतो, आई पातेली, पिंपं, वाट्यासुद्धा भरून ठेवते. तिला हा प्रकार सांगितला तर म्हणेल, बिचाऱ्यांची परिस्थिती एकदम कशाने बिघडली?

चादर दिली. सरांनी दोन्ही हातांनी घेतली आणि कानापर्यंत लाल झाले. मॅडमनी हुंगली. "कशाचा वास आहे हा? छान आहे!"

२९ मार्च

पाचला उठलो. चूल पेटवली, चार बादल्या बर्फ वितळवला, लाकडं रचली, भांडी घासली, पायरीवरचा बर्फ खरवडला. साहेब नऊला उठले. दारातच थबकले.

"कुणी आजारी आहे का?"

"नाही सर. सहजच."

"गुड मॉर्निंग, मॅडम," म्हणालो, तर मॅडमनी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून! मग माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. "तू पाहुणा आहेस की गडी? बस खाली. लाकडं फोडणं ही हाल्वरची मजा आहे, ती कशाला हिसकावतोस?"

अप्पांची पहिली तीन कलमं पहिल्याच सकाळी आडवी.

३० मार्च

न्याहारीनंतर विषय काढला. "सर, प्रबंधातला तिसरा भाग, तो ओल्या बर्फाच्या थराचा—"

सरांनी हात वर केला. "इथे नाही." आणि चपला घालून — बूट, बूट घालून — लाकडं फोडायला गेले. फोडलेलीच लाकडं परत फोडली.

संयमाची परीक्षा चाललीय. ठीक आहे. आम्ही पाच-पाच दिवस नळाची वाट बघणारी माणसं!

३१ मार्च

झोपडीच्या भिंतीला पाठ लावून उन्हात बसलो. तिघंही. तीन तास. कुणी काही बोललं नाही. एक संत्रं खाल्लं.

१ एप्रिल

जेवणाआधी फाशांचा खेळ. अप्पांचं चौथं कलम आठवून रीतसर हरत होतो. पाचही फाशांवर सहा आलेले मोडले!

सरांनी फासे खाली ठेवले. "तू मुद्दाम हरतोयस."

"नाही सर, नशीबच—"

"मुद्दाम हरतोयस." उठून भांड्याचं झाकण उघडून बघितलं, परत ठेवलं. मॅडम पुटपुटल्या, "अरे, त्याच्याशी विद्यापीठात सगळे मुद्दाम हरतात. इथे तरी नको."

मग काय, चिडून खेळलो. सरळ धुतलं त्यांना. तीन डाव! हरल्यावर एवढा खूश झालेला साहेब मी जन्मात पाहिला नाही. टेबलावर मूठ आपटून हसत होते. दुसऱ्यांदा वाढून घेतलं मी. तिसऱ्यांदाही.

२ एप्रिल

आज फक्त सहा वेळा पडलो. मुलाखतीचा विषय अजून नाही. चार दिवस उरलेत. कधी घेणार आहेत मुलाखत?

३ एप्रिल, गुड फ्रायडे

आज घेतली! आणि मी काय उत्तर दिलंय!

दुपारी बर्फ वितळवत होतो. सरांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" मी धरणापासून सुरुवात केली. मग अप्पा आले. अप्पांची ती माणसाएवढी लोखंडी चावी, सायकल, पहाटेपासून वाट बघत बसलेल्या बाया, एखाद्या गल्लीला दहा मिनिटं उशीर झाला की शिव्या. सर ऐकत होते. पातेल्यातलं पाणी उकळून कमी झालं तरी ऐकत होते.

मग म्हणाले, "आणि तुमची स्वतःची गल्ली?"

काय सुचलं मला देव जाणे. म्हणालो, "आमच्या गल्लीला त्यांनी उभ्या आयुष्यात एक मिनिट जास्त पाणी सोडलं नाही. शेजारपाजारचे बोलायचे बंद झाले. मामाने संबंध तोडले. आई दुसऱ्या वस्तीतून हंडे आणायची. तरी नाही."

वा! काय रचलं! जागच्या जागी! डोळ्यांत पाणीसुद्धा आलं माझ्या, चुलीच्या धुराने का होईना.

खरं काय ते इथे लिहायला हरकत नाही. अप्पा आमच्या गल्लीला नेमाने वीस मिनिटं जास्त सोडायचे. मामाच्या गल्लीला अर्धा तास. अभियंता साहेबांच्या बंगल्याला तर विचारूच नका, त्यांच्या बागेत ऊस आला असता. सगळेच सोडतात, बे! आपल्या माणसाला पाणी नाही सोडायचं तर चावी हातात कशाला? पण हे हाल्वर सरांना कशाला सांगा?

सरांनी चूल उघडली. मग गरज नसताना चुलीत आणखी एक लाकूड घातलं. "असा माणूस बघायला मिळायला हवा," म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "तीस वर्षं आहे मी विभागात. लोक घरी येतात, जेवतात, जातात. इथे कुणाला बोलवावंसं वाटलं नाही. सगळ्यांना काहीतरी हवं असतं. तू नुसता बसतोस. बरं वाटतं."

खोटं कशाला लिहू — मलाही बरं वाटलं. अप्पा सोडले तर माझं एवढा वेळ कुणी ऐकून घेतलेलं नाही. दहा मिनिटं जागेची आठवणसुद्धा झाली नाही.

मग झाली.

४ एप्रिल

सर सकाळी एकटेच स्कीवर गेले. पाच तास! मी घाबरलो. वरच्या उतारावर ताजा बर्फ होता, कधीही सुटेल असा. मॅडम निवांत मोजा विणत होत्या.

"काही ठरवायचं असलं की असा जातो. लग्नाच्या आधी दोन दिवस गेला होता. मी म्हटलं, आला तर आला."

काय ठरवायचंय ते मला माहितेय! मी भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं.

परत आले ते भुवयांवर बर्फ घेऊन. माझ्याजवळ आले आणि खांद्यावर थाप मारली. थाप! तीन वर्षांत ह्या माणसाचा हात मला लागला नव्हता. दार उघडून धरतानासुद्धा दीड मीटर लांब उभे राहतात.

झालं! जागा माझी!

६ एप्रिल, सोमवार

उतरलो. गाडीपाशी सर म्हणाले, "आता तरी हाल्वर म्हण."

"हो सर," म्हणालो. मॅडम पोट धरून हसल्या. मोरांची चादर झोपडीवरच ठेवलीय त्यांनी, त्यांच्या पलंगावर.

घरी आल्याबरोबर अप्पांना फोन. "काम झालं म्हणून समजा!"

"सायब खूश?"

"खूश काय, थाप मारली खांद्यावर!"

"मग झालंच की रे!" अप्पांनी फोन तसाच हातात धरून आईला हाक मारली, पेढे आणायला निघालेसुद्धा. मी म्हटलं, निकाल लागू द्या. म्हणाले, "निकाल म्हणजे कागद. मर्जी म्हणजे नोकरी. एकतीस वर्षं काढलीत मी."

विभागात सुनिवा भेटली. "कसं झालं?" म्हणाली. "उत्तम!" म्हणालो, दात दाखवून. ती बघत राहिली माझ्याकडे. बघ, बघ!

८ एप्रिल, बुधवार

हाल्वरने खोलीत बोलावलं, दार लावलं. चेहऱ्यावर बक्षीस देतानाचं हसू. समोर कागद ठेवला. निवड समितीतून तो बाहेर पडलाय. ह्या जागेचा मार्गदर्शक म्हणूनही नाव काढून घेतलंय. त्याच्या जागी बर्गनहून कुणी येणार, खडकांवर काम करणारा. त्याने माझं नावही ऐकलेलं नाही. कारणाच्या रकान्यात हाताने लिहिलंय: उमेदवार माझा मित्र आहे. खाली सही, तारीख, विभागाचा शिक्का.

"सोपं नव्हतं," म्हणाला. "शनिवारी वर जाऊन खूप विचार केला. मग म्हटलं, तुझ्या वडिलांनी काय केलं असतं? आणि ठरलंच."

हात पुढे केला. मी धरला. "थँक्स, हाल्वर," म्हणालो.

अप्पांचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.