वायची रिकामी जागा

कोंढा, जुलै १९७९

ती. स्व. केशवराव भाऊजींना टेकचंदचा कृतानेक नमस्कार. मंदाबाईचा गुडघा आता तरी जिना चढू देतो का? माझी तब्येत ठीक, म्हणजे ताप नाही. फक्त झोप लागत नाही, त्यामुळे अक्षराला हसू नये (अक्षरांनीच ही दशा केली आहे).

माझ्या आधीचे इंग्रजीचे श्यामराव मास्तर मागच्या वर्षी वारले, हे तुम्ही सांगितलं होतं. त्यांची शिकवण्याची रीत सांगितली नव्हती. वर्गात दोन तरटं, एक स्वरांचं, एक व्यंजनांचं, आणि एकेका पोराला एकेक अक्षर करून त्यावर बसवत. वाय मात्र मास्तर स्वतः होत. ‘येस’ म्हटलं की व्यंजनांत बसायचं, ‘स्काय’ म्हटलं की उठून स्वरांत. पोरं अजून तशीच बसतात आणि दोन्ही तरटांवर वायची जागा सोडतात. (डब्ल्यूच्याही दोन जागा आहेत, तो पोरगा लाखनीला गेला, त्या नुसत्याच रिकाम्या.) मी पहिल्या दिवशी हसलो. मग ‘स्काय’ म्हटलं, तर पोरं निमूट सरकली आणि कोणी मांडी घालावी तसं स्वरांतल्या वायच्या जागेवर तरट दबलं. भर दुपारी, भाऊजी. मला घाम फुटला. कौशल्या नावाची पोरगी म्हणाली, "भेऊ नका जी, मास्तर बसून राहिले." (म्हणजे इकडच्या बोलीत, बसताहेत.)

तेव्हापासून मी वाय टाळून इंग्रजी शिकवतो. ‘माय’ नाही, ‘यू’ नाही. परवा तपासणीला साहेब आले, नाव विचारलं, तर पोरं नुसतं ‘नेम इज धनीराम’ म्हणाली. साहेब चिडले, स्वरांतल्या वायच्या मोकळ्या जागेवर स्वतःच बसले आणि ‘माय नेम’ म्हणून दाखवायला लागले. वाक्य पुरं व्हायच्या आत ताडकन उठले आणि चपला हातात घेऊन एसटीकडे निघाले. मांडी गार पडली म्हणे. आता शेरा वाईट येणार, आणि माझी नोकरी अजून कच्ची. मला भीती वाटते. भंडारा, लाखनी, कुठेही चालेल, पण इथून हलवा.

तुमचा,
टेकचंद

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज पोरांनी डब्ल्यूच्या जागा पुसून ठेवल्या आणि मला बसवलं. ‘काऊ’ म्हटल्यावर (त्यात डब्ल्यू स्वरासारखा) मी उठून स्वरांत गेलो. मग ‘स्काय’ म्हटलं, आणि माझ्या शेजारी तरट दबलं. गारवा होता, पण खरं सांगतो, बरं वाटलं. या गावात माझ्या शेजारी अजून कोणी बसलं नव्हतं.

आणखी एक. बदलीची खटपट करू नये. मी गेलो तर काय कराल, असं पोरांना विचारलं. कौशल्या म्हणाली, "जा न जी. जागा ठेवतो आमी. मास्तर बी तं गेलेच होते."