गाण्यातला 'तो'

प्रिय लेटा,

तुझा अल्बम मिळाला. मिळाला म्हणजे काय, विकत घेतला. तू कुठली पाठवतेस! आमच्या पशुखाद्याच्या दुकानात मालकानं गल्ल्यापाशी तुझ्या सीडींचा ढीगच मांडलाय, घोड्यांच्या जंताच्या औषधाशेजारी. फोटो छान आलाय. टोपी मात्र तुझी नाही, नॅशव्हिलच्या स्टुडिओत कुणीतरी डोक्यावर ठेवलेली दिसते.

सगळी गाणी ऐकली. दुसरं जरा लांबलंय. आईवरचं ऐकताना ट्रक कडेला घ्यावा लागला. रडू आलं, खोटं कशाला बोलू. आणि मग ते चौथं. दारूपायी पोरीची गिटार विकून येणारा 'तो'. नाव नाही, गाव नाही, नुसता 'तो'. अगं बाई, आपल्याकडे गाणारीनं 'तो' म्हटलं की लोकांना एकच माणूस दिसतो, तिचा जुना! आणि तुझ्याशी साखरपुडा मोडलेला असा या तालुक्यात मी एकटाच.

तेव्हापासून माझी जी वरात निघालीय, विचारू नकोस. खानावळीतली बर्निस कॉफी ओतता ओतता थांबली. "पोरीची गिटार विकून खाल्लीस, मेल्या, आणि वर अंडी मागतोस?" अंडी आणली, पण करपवून. दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, "काय ड्वेन, आज कुणाची गिटार काढलीस विकायला?" तारा बदलण्यापलीकडे मी तुझ्या गिटारीला कधी हात लावला नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझा भयंकर राग आला होता. फोन करून चांगली फैलावर घेणार होतो तुला.

पण रविवारी तुझे बाबा आले. दारू सोडल्यापासून ते चर्चच्या दाराशी उभे असतात, येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेतात. बर्निससुद्धा आता त्यांना "या ऑर्विलकाका" म्हणते. त्यांच्याकडे सीडी वाजवायला काही नाही, म्हणून माझ्या ट्रकमध्ये येऊन बसले. आईवरच्या गाण्याला डोळे पुसले. चौथं सुरू झालं आणि त्यांनी ट्रकची काच वर घेतली. संपल्यावर म्हणाले, "हे कुणावर लिहिलंय रे?" मी म्हटलं, "माझ्यावर. आणखी कुणावर?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "नालायकच आहेस मग." आणि तो हात काही केल्या काढेनात. माझा सगळा राग तिथंच गेला.

म्हणून हे पत्र. शनिवारी जत्रेत तू गाणार, आणि तो रेडिओवाला माईक पुढे करून विचारणारच, 'तो' कोण? तुझे बाबा पहिल्या रांगेत असतील. शर्टाला इस्त्री करून झालीय. तुला खोटं बोलवत नाही, त्यापायीच आपलं फाटलं. पण त्या दिवशी गप्प बसू नकोस. तू घुटमळलीस, की लोक दुसरं नाव शोधायला लागतील. माझं नाव घे, आडनावासकट. मी मागे कणसांच्या गाडीपाशी उभा असेन. हात वर करीन.

तुझाच, म्हणशील तेवढा नालायक,
ड्वेन