कॅम्पातली पेटी

११ जुलै, गुरुवार

पेटी भिजली! प्रार्थनेच्या हॉलमधली. कॅम्प चालवणाऱ्या सॉलोमन सरांनी बजावलेलं — तिला हात लावायचा न्हाय. लावला!

मे महिन्यात इथं सुट्टीच्या कॅम्पाला दीडशे पोरं होती. येशूची गाणी, टाळ्या, नुसता कालवा. शाळा भरल्या नि सगळं गप्प. आता दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत मी, सैपाकाची रुक्माक्का नि पाऊस. गाद्या वाळवायच्या, कौलं बघायची. कंटाळलो. पेटी खिडकीशी घेतली, गावातलं भजन वाजवत बसलो. तेवढ्यात म्हशी आवारात घुसल्या. हाकलून आलो तर झड सगळी पेटीवर.

१२ जुलै

चुलीपाशी वाळत ठेवली. लई शहाणा मी! भात्याचा डिंक सुटला. वाजवली तर म्हातारं खोकल्यागत आवाज. लाकडी खोक्यात घातली, झाकण लावलं.

पिशवी भरली. फौंड्रीतनं असाच पळालो, गोव्याच्या हॉटेलातनं बी असाच. काय मोडलं की पळायचं, ही माझी खोड. हे सहावं काम.

मग रजिस्टर दिसलं. सरांचा नियम — मोडलं, फुटलं, गळलं, सगळं लिहायचं. लिहिलं. 'पेटी मी भिजवली. सौरव.' पाचवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर, पण लिहिलं.

१३ जुलै, शनिवार

जांबोटीला गिरणीवर गेलतो. चालत माघारी आलो तर सर जीपनं येऊन गेलेले. माझ्या ओळीखाली लाल शाईची सही! शिवी न्हाय, काय न्हाय. सुटलो!

पिशवी रिकामी केली. तीनदा भात घेतला. रुक्माक्का म्हणती, 'आज पोटात बोकड शिरलाय काय रं?'

२१ जुलै

आईचा फोन. ती सगळ्यास्नी सांगत सुटलीय, पोरगं बेळगावकडं कॅम्पात हाय. लोकांना वाटतंय मिलिटरीत! तानीमावशीनं फोन ओढून घेतला — 'बंदूक दिली का रं?'

म्हटलं, झाडू दिलाय.

२५ जुलै

लाइट न्हाय. चार दिवस. तरी बरं वाटतंय इथं.

२ ऑगस्ट

रुक्माक्का भाकरी थापता थापता बोलली — 'आरं, सरास्नी मराठी बोलाय येतंय, वाचाय कुठं येतंय? धारवाडचं हाईत ते. रजिस्टरवर डोळं झाकून सही करत्यात.'

घास तोंडातच राहिला. म्हणजे सरांना काय माहीतच न्हाय! कसली माफी नि कसलं काय. दसऱ्याला पोरं येणार, पेटी काढणार. मग?

खोक्याकडं त्या दिवसापासनं बघितलं बी न्हाय मी.

३ ऑगस्ट

पिशवी घेऊन फाट्यावर गेलो. सकाळची बस आली. कंडक्टर म्हणतो, 'चढणार का नुस्तं बघणार?'

किती ठिकाणनं पळायचं?

बस गेली. मी तिथंच.

१० ऑगस्ट, शनिवार

सांगितलं! सर आले, त्यांना ओला रेनकोट बी काढू दिला न्हाय. सगळं एका दमात — खिडकी, म्हशी, चूल, डिंक. सर ऐकत राहिले.

'अजून काय?'

'अजून काय न्हाय, सर.'

'मग चहा कर की.'

एवढंच! साखर दोनदा पडली. सरांनी कप रिकामा केला. जाताना म्हणाले, 'उद्या तो खोका उघडून बघ.'

ठेवतात का काढतात, काय बोलले न्हाईत. तरी लई हलकं वाटतंय. पहिल्यांदाच मोडलं नि तिथंच उभा राहिलो.

११ ऑगस्ट

खोक्यात पेटी न्हाय! एक कागद. लाल शाई. मराठी — वेलांट्या माझ्यासारख्याच चुकलेल्या.

'सौरव, वाचलं. पेटी मिरजेला दुरुस्तीला नेतो. तू जाऊ नको. १३ जुलै.'