खालच्या काठाची कमान

प्रिय अक्का,

ती कमान पुन्हा वर गेली. मी ती निवडून खाली वळवली, पान पुढे सरकवलं, मागे आले, तर तशीच वर. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन तिची दिशा कायमची खाली करून ठेवली. आता बसली आहे.

कमान म्हणजे टाय. संगीताच्या परीक्षेआधी तूच शिकवलं होतंस, ती दोन सारख्या स्वरांना जोडते. दुसरा पुन्हा वाजवायचा नाही, पहिलाच धरून ठेवायचा. मी अक्षय्यतृतीयेची, आपली आखाजीची गाणी कॉम्प्युटरवर लिहिते आहे. गावी नदीच्या दोन काठांवरून बाया एकमेकींना गाण्यातून शिव्या द्यायच्या, तीच. एका काठाचा शेवटचा सूर लांबत असतानाच दुसरा काठ सुरू होतो, म्हणून पाच रेघांच्या एकाच पट्टीवर दोन आवाज लिहावे लागतात. वरच्या आवाजाच्या कमानी वर, खालच्याच्या खाली. सॉफ्टवेअर हे आपण होऊन करतं. पण एका जागी वरचा आवाज थांबतो. तिथली विश्रामाची चिन्हं मी लपवली, तर त्याला वाटलं एकच आवाज उरला आहे, आणि त्याने खालच्या आवाजाची कमान उलटी केली.

दुसरीकडे हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. पण धुळ्याच्या आमच्या गाणाऱ्या बायांना नोटेशन वाचता येत नाही. मी पान टीव्हीवर लावते आणि त्या नुसत्या कमानींकडे बघून गातात. कमान वर, तर वरच्या काठाने सूर धरायचा. खाली, तर खालच्या. ही युक्ती त्यांचीच. मंगळवारी त्या एका उलट्या कमानीवर वरच्या काठाने जोरात सूर धरला आणि खालचा काठ गप्प झाला. कुंदाबाई म्हणाल्या, “बाई, तुना कंप्युटर फितूर शे.” मग मलाच गाण्यात घालून सगळ्यांनी शिव्या दिल्या. फार दिवसांनी इतकी हसले.

यंदा आखाजीला जळगावात कार्यक्रम आहे. साथीला व्हायोलिनवाले कॉलेजचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिणं. वरचा काठ तयार आहे. खालचा कच्चा. तिकडे उभं राहायला कोणी तयार होत नाही. कुंदाबाईंचं म्हणणं, शिव्या सगळ्या वर, खाली नुसतं धरून बसायचं. ज्या उभ्या राहतात त्या सूर मध्येच सोडतात.

ऑपरेशननंतर तू गायली नाहीस. विषय निघाला की गळ्याला हात लावतेस आणि केळीच्या बागेचं काय चाललंय ते सांगायला लागतेस. वरच्या काठाचा सगळ्यात उंच सूर तुझा असायचा. तो गेला, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी तुला कळलं होतं. पण ज्ञानेश्वर भाऊजी म्हणाले, कुकरची शिट्टी सुरू झाली की तिच्याखाली तू एक सूर धरतेस. शिट्टी थांबली की तूही थांबतेस. त्यांनी एकदा दारामागून मोबाइलवर ते रेकॉर्ड करून घेतलं. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच सांगितलं होतं.

खालचा आवाज मी त्यावरून लिहिला आहे. तुझे जेवढे सूर ऐकू आले तेवढेच वापरले, त्यांच्या वर एकही नेला नाही. लांब सूर आहेत, म्हणून कमानी पुष्कळ. पूर्वीचा आवाज परत येईल असं मी म्हणत नाही. आहे तोच मला हवा आहे, तो खाली असला की बाकीच्या सूर सोडणार नाहीत. पान भाऊजींच्या मोबाइलवर पाठवलं आहे. आखाजीला खालच्या काठावर उभी राहशील? फोनवर विचारलं असतं तर तू लगेच नाही म्हणाली असतीस, आणि मग ते तसंच राहिलं असतं. म्हणून पत्र.

तुझीच,
दिपा

ता.क. सकाळी पाकीट चिकटवत होते तेव्हा तुझा फोन आला. भाऊजींनी तुला पान दाखवलं होतं आणि ते कशासाठी हे तू ओळखलं होतंस. हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. “इतका लांब सूर धरायचा, तर श्वास कुठे घेऊ?” एवढंच विचारलंस. मी एक कमान काढून टाकली, तिथे श्वासाची खूण घातली आणि पान पुन्हा पाठवलं.