आलोकच्या रिक्षासाठी घुंगुरमाळ

लातूर, रविवार

तीर्थरूप बाबांना मुग्धाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही मायलेकी मजेत आहोत. मनस्विनीचे क्लास नीट चालू आहेत, जेवणही वेळेवर होतं.

धाकट्या आलोकनं शाळेच्या मुलांची ने-आण करायला विजेची रिक्षा घ्यायचं काढलं, तर तुम्ही लिहिलंत, “आपला धूर परळीच्या दारात सोडायचा, हा कुठला न्याय?” तुमचं खरं आहे. माझ्या विजेच्या स्कुटीसाठीही तिथल्या वीजकेंद्रातच कोळसा जळतो. जुन्या बॅटरीचं पुढं काय होतं, ते दुकानदारालाही सांगता आलं नाही. तरी मी हो म्हणते. उन्हावरची वीज वाढेल तशी ती रिक्षा स्वच्छ होत जाईल. डिझेलची कधीच होणार नाही. त्याची आताची डिझेलची रिक्षा अंगणात सुरू झाली की तुम्हाला खोकल्याची उबळ येते, हे आलोककडून कळलं. तुम्ही का लिहिलं नाही?

विजेच्या गाडीचा एक दोष मात्र माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्या घरमालकीण कावेरीबाई त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या गावच्या. दारात डिझेलची गाडी थरथरली की त्या अजून घराबाहेर धावतात. माझ्या बिनआवाजी स्कुटीचं त्यांना बरं वाटेल, असं मी धरून चालले होते. परवा म्हणाल्या, “मागून भुतावानी येतीस की गं. लई दचकते मी.” आणि भूकंपात गेलेल्या बैलांच्या दोन घुंगुरमाळांपैकी एक त्यांनी स्कुटीला बांधली.

दुसरी आलोकसाठी दिली आहे. शाळेपाशी पोरं असतात, त्यांना रिक्षा ऐकू यायला हवी. माळ तुमच्याच नावे पाठवते. पटलं, तर तुमच्या हातानं बांधा.

आईला नमस्कार.

तुमची
मुग्धा